जुन्या फियाटची किंमत करताना आधी खाली वाकायचं

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या एका काकांबरोबर फियाट बघायला गेलो होतो. १९६९चं मॉडेल, फिकट हिरवा रंग, अंगावर आदल्याच दिवशी मारलेलं पॉलिश. विकणाऱ्याने चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. काकांचा चेहरा असा खुलला, की आता खिशातून विसाराचे पैसे काढतात की काय असं मला वाटलं. आमच्याबरोबर आलेल्या मिस्त्रींनी मात्र इंजिनाकडे बघितलंही नाही. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक काढलं, गुडघ्यावर बसले आणि रुमालासकट ते दरवाज्याखालच्या पट्टीला लावलं. धरेना. वीतभर पुढे सरकवलं, तरी पडलं. मागच्या चाकाच्या कमानीवर लावलं, तिथूनही घरंगळलं. शेवटी छताला लावलं तेव्हा ‘टक्’ करून चिकटलं. मिस्त्री उठले, पँटची माती झटकली आणि हळूच म्हणाले, “काका, ही गाडी वरून पत्र्याची आहे, खालून पुट्टीची.”

ती गाडी आम्ही सोडली. पण त्या पाच मिनिटांत मिस्त्रींनी जे केलं, त्यात जुनी गाडी जोखण्याची सगळी पद्धत आली. जुन्या गाडीचं मोल तिच्यातल्या अशा गोष्टींत असतं, ज्या एकदा गेल्या की पुन्हा मिळत नाहीत. बाजारातून आणता येईल किंवा कारागिराकडून करून घेता येईल, त्याचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करायचा. जे कुठूनच आणता येणार नाही, त्यासाठी हात सैल सोडायचा. बहुतेक नवखे लोक नेमकं उलटं करतात. रंग चकचकीत आहे, इंजिन गोड वाजतंय, म्हणून जास्त पैसे देतात. आणि सडलेला पत्रा, हरवलेली ग्रिल, अडकलेले कागद यांच्याकडे “होईल ते नंतर” म्हणून बघतात. नंतर होत नाही, झालंच तर गाडीच्या किमतीच्या दुप्पट पैशांत होतं.

हे सगळं मी फियाटच्याच उदाहरणाने सांगणार आहे, कारण ही आपल्याकडची गाडी आहे. वालचंद उद्योगसमूहाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्यांची जुळणी झाली आणि पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाट ११०० ने तिथे बस्तान बसवलं. त्या पहिल्या गोलमटोल गाडीला मराठी माणसाने ‘डुक्कर फियाट’ असं नाव ठेवलं, आणि ते इतकं रुळलं की आज विकणारासुद्धा जाहिरातीत तेच लिहितो. १९६४ पासून ‘डिलाइट’ आली. सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गाडीवरून गेलं. आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला हँडल गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गणपतीत सामान आणि माणसं कोंबून कोकणात जाणारी गाडी म्हणून अनेकांना ती आठवत असेल.

आता पत्र्याकडे येऊ, कारण तिथेच सगळ्यात जास्त पैसे बुडतात.

जीप किंवा जुन्या डॉजसारख्या गाडीला खाली जाड लोखंडी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. बॉडी सडली तरी सांगाडा उभा राहतो. फियाटचं तसं नाही. तिला वेगळी चेसिसच नाही. खालचा फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या दरवाज्यांखालच्या पेटीसारख्या पट्ट्या म्हणजे सिल, खांब आणि छत, हे सगळं वेल्डिंगने जोडून एकच कवच तयार केलेलं असतं आणि सगळा भार त्या कवचावर येतो. घराच्या बाबतीत सांगायचं, तर जीप म्हणजे कॉलम-बीमचं बांधकाम आणि फियाट म्हणजे भिंतींवर उभं असलेलं जुनं घर. अशा घराची भिंत ढासळली तर नुसतं प्लास्टर करून भागत नाही. म्हणून सिल सडलेली असेल तर तो दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो.

गंज सुरू होतो तो नजरेला न पडणाऱ्या जागी. पायाखालच्या रबरी मॅटखाली ओल साचते आणि फ्लोअर खालून नाही, वरून सडतो. दरवाज्याच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. ती मातीने बुजली की काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथेच मुरतं. पुढच्या काचेच्या रबराखाली, डिकीच्या तळाशी, बॅटरीच्या ट्रेखाली जिथे ॲसिड सांडलेलं असतं तिथे, मागच्या चाकांच्या कमानीच्या आतल्या कडेला, जॅक लावतात त्या जागी. गाडी बघायला जाताना मॅट उचला, डिकीतलं सामान बाहेर काढायला सांगा, टॉर्च घेऊन खाली झोपा. विकणारा “कशाला एवढं?” म्हणाला तर अजून नीट बघा.

चुंबकाची युक्ती सोपी आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक पत्र्याला धरतं. मध्ये पुट्टीचा जाड थर असेल तर धरत नाही. जुन्या गाडीत थोडी पुट्टी असणारच, एखाद्या मडगार्डवर चेपलेली जागा भरलेली असणारच. त्याचं फारसं काही नाही. प्रश्न ती कुठे आहे याचा आहे. छतावर किंवा बोनेटवर थोडी पुट्टी असेल तर तो अपघाताचा किंवा फांदी पडल्याचा इतिहास. सिलवर सलग पुट्टी असेल तर तिच्याखाली पत्राच नाही. मिस्त्रींनी अजून एक परीक्षा शिकवली. गाडीला बाजूने जॅक लावायचा, एक चाक उचललं जाईल इतपत वर करायची आणि मग दरवाजा उघडून बंद करून बघायचा. आधी सहज लागणारा दरवाजा आता अडकायला लागला, त्याची फट वर-खाली झाली, तर कवच वाकतंय. अशा गाडीला कितीही सुंदर रंग असो, ती मी तरी घेणार नाही.

गाडी कुठे राहिली होती हे म्हणूनच फार महत्त्वाचं. अलिबाग, रत्नागिरी, मुंबईची गाडी म्हणजे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सोलापूर, लातूर, अहिल्यानगरकडची गाडी कोरड्या हवेत राहिलेली असते; तिचा रंग उडालेला असतो, डॅशबोर्ड तडकलेला असतो, रबरं बिस्किटासारखी तुटतात, पण पत्रा शाबूत असण्याची शक्यता कितीतरी जास्त. रबर नवीन मिळतं, पत्रा मिळत नाही. मुंबईतल्या सोसायटीत ‘जपून ठेवलेल्या’ गाडीबद्दल एक खास सावधगिरी. मालकाने प्रेमापोटी वर्षानुवर्षं प्लास्टिकची ताडपत्री टाकून ठेवलेली असते. पाणी वरून येत नाही खरं, पण जमिनीतून उठणारी ओल त्या ताडपत्रीखाली कोंडून राहते. उघड्यावर उभी राहून वाऱ्याने सुकणारी गाडी कधीकधी तिच्यापेक्षा बरी निघते.

मुंबईच्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासायची, ती म्हणजे तिने टॅक्सी म्हणून आयुष्य काढलंय का. काळ्या अंगाची, पिवळ्या छताची पद्मिनी टॅक्सी शहराची ओळख होती. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. टॅक्सी असणं काही कमीपणाचं नाही, आणि कुणी ती टॅक्सी म्हणून, मीटर-कॅरिअरसकट जपली तर मला मनापासून आनंद होईल. पण दिवसाला दोन पाळ्या धावलेली गाडी ‘एकहाती घरगुती’ म्हणून विकली जात असेल, तर ते कळायला हवं. छताच्या आतल्या कापडाची कड थोडी खाली ओढून बघा, दरवाज्याच्या बिजागरीपाशी, डॅशबोर्डच्या मागे, डिकीच्या झाकणाच्या आत बघा. रंगकाम करणारा बाहेरून सगळं झाकतो. या कोपऱ्यांत जुना पिवळा किंवा काळा रंग डोकावतोच. आरसीवरचा, म्हणजे नोंदणीपत्रावरचा, आधीचा वर्ग बघितला की खात्री पटते.

पत्र्यानंतर बघायच्या त्या छोट्या वस्तू, आणि इथे लोक सर्रास फसतात. इंजिन बंद पडलेली पण सगळं सामान जागेवर असलेली गाडी ही चालू पण अर्धं सामान हरवलेल्या गाडीपेक्षा जास्त मोलाची. ग्रिल, बंपर, व्हीलकॅप, मागच्या दिव्यांच्या काचा, कडेच्या चकचकीत पट्ट्या म्हणजे बीडिंग, बोनेटवरचा मोनोग्राम, दरवाज्याची हँडलं, काच खालीवर करायचे दांडे, मीटर, हॉर्नच्या रिंगसकट मूळ स्टिअरिंग, ॲश ट्रेसुद्धा. यातली एकेक वस्तू क्षुल्लक वाटते. पण गाडी घरी आणल्यावर त्यातली आठ शोधायला कुर्ल्याच्या भंगारबाजारात, ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत, पुण्याच्या जुन्या बाजारात किती रविवार जातात हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. सापडलेली बीडिंग वाकलेली असते, दिव्याची काच पुढच्या वर्षीच्या मॉडेलची निघते. यात वयाचा एक मजेशीर उलटा हिशोब आहे. सगळ्यात जुन्या फियाटच्या काही वस्तू इटलीतून मागवता येतात, कारण तीच गाडी तिथेही होती आणि तिकडचे शौकीन तिच्यासाठी रबरं वगैरे नव्याने बनवून घेतात. पण खास पद्मिनीची ग्रिल आणि मागचे दिवे जगात दुसरीकडे कुठे बनलेच नाहीत. ते आपल्याकडेच मिळाले तर मिळाले. त्यामुळे तुलनेने नव्या आणि स्वस्त पद्मिनीत सामान पूर्ण असण्याला मी जास्त गुण देतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकात या गाड्यांवर जे प्रयोग झाले तेही बघायला हवेत. त्या काळी गाडी ‘मॉडर्न’ करायची म्हणून हँडल गियर काढून फ्लोअर गियर बसवला जाई, सलग बाकासारखी पुढची सीट काढून बकेट सीट टाकल्या जात, कॅसेट प्लेअरसाठी डॅशबोर्डला करवत लावली जाई. पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिन घातलेल्या फियाट आणि ॲम्बेसेडर तर मी स्वतः मोजल्या नाहीत इतक्या बघितल्या. त्यांचे मालक चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांना रोज कामावर जायचं होतं, संग्रहालय भरवायचं नव्हतं. पण आज किंमत करताना हे सगळं वजाबाकीत जातं. कापलेला डॅशबोर्ड पुन्हा अखंड होत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तेवढंच पुरेसं आहे. हे इंजिन साधं आहे, लाखो किलोमीटर टॅक्सीत घासून निघालेलं आहे आणि ते उघडून बसवणारे हात मुंबई-पुण्यात अजून आहेत. बोअर करणं, रिंगा-पिस्टन बदलणं, कार्बोरेटर साफ करणं, ब्रेकची सिलिंडरं बदलणं ही ठराविक खर्चाची कामं. गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की इंजिन गार ठेवा, आम्ही आल्यावर सुरू करू. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन आपले दोष लपवतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीतल्या सकाळी थोडी पांढरी वाफ आली तर घाबरायचं कारण नाही, पण गाडी तापल्यावरही ती येतच राहिली आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड उघडावं लागणार. पुढचं चाक उचलून वरखाली हलवून किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, खेळ बघा. यातलं काहीही गाडी नाकारायचं कारण नाही. मिस्त्रींना खर्च विचारा आणि भाव करताना तो आकडा समोर ठेवा.

आता मूळ की नव्याने केलेली, हा प्रश्न. विकणारा म्हणतो, “फुल रिस्टोअर केलीय”, आणि आपल्याला वाटतं हे तर उत्तमच. जगभरातले जाणते मात्र उलट्या बाजूने विचार करतात. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला एका कुटुंबाच्या शेडमध्ये दशकानुदशकं धूळ खात पडलेल्या गाड्यांचा लिलाव झाला. त्यातली एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांखाली सापडली होती. तिच्यावरची धूळही न पुसता ती लिलावात उभी केली आणि १.६ कोटी युरोंच्या वर गेली. कारण रंग नवा कधीही मारता येतो, पण कारखान्यातून निघाल्यापासून कुणीही हात न लावलेली अवस्था एकदा घालवली की गेली. फियाट आणि त्या फेरारीची बरोबरी करायची नाहीये. तर्क मात्र तोच आहे. किंचित उडालेला मूळ रंग, झिजलेली पण मूळची सीट, फिकटलेला पण मूळचा मीटर, हे बघून माझं मन चकचकीत गाडीपेक्षा जास्त हलतं. त्या सीटवरची झीज साठ वर्षांत तिच्यावर बसलेल्या माणसांची आहे.

याचा अर्थ नूतनीकरण वाईट असा नाही. नीट केलेलं काम असेल तर मालकाकडे त्याचा पुरावा असतो. पत्रा उघडा केलेला असतानाचे फोटो मागा, सिल कापून नवी बसवल्याचे फोटो मागा, बिलं मागा. ज्याने मनापासून काम केलंय तो माणूस हे फोटो तुम्ही न विचारताच दाखवतो, तासभर दाखवतो. ज्याच्याकडे फक्त शेवटचा चकचकीत फोटो आहे, त्याच्याकडे बहुधा फक्त रंगच आहे. आणि अर्धवट उघडलेल्या गाडीपासून जपून राहा. “सगळं सामान खोक्यांत आहे” या वाक्यावर कधीही विश्वास ठेवू नका. माझ्या एका नातेवाइकांनी एका वर्कशॉपला दिलेली गाडी दोन वर्षांनी परत आली तेव्हा खोकी सात होती आणि त्यात दोन वेगवेगळ्या गाड्यांची हँडलं होती.

कागद हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण पत्र्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण कागदही पुन्हा बनवून मिळत नाही. फियाटला वेगळी चेसिस नसली तरी ‘चेसिस नंबर’ गाडीवर ठोकलेला असतो. तो आरसीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. इंजिन बदललं असेल तर त्याची नोंद आरसीत हवी. जुन्या गाड्यांच्या बाबतीत सर्वांत नेहमीचा घोळ म्हणजे गाडी अजून आजोबांच्या नावावर असते. विकणारा नातू म्हणतो, “घरचीच आहे, काही प्रॉब्लेम नाही.” पण मृत माणसाच्या नावावरची गाडी आधी वारसाच्या नावावर यायला लागते, त्याला फॉर्म ३१ लागतो, बाकीच्या वारसांची संमती लागते, आणि त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० भरून ती तुमच्या नावावर होते. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर फॉर्म २८ भरून एनओसी आणावी लागते. कुठल्या तरी जुन्या बँकेचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन, आरसीवर तसाच राहिलेला असतो आणि ती बँक दरम्यान दुसरीत विलीन झालेली असते. हे सगळं सुटतं, पण ते विकणाऱ्याने सोडवायचं आणि मग पैसे घ्यायचे. पूर्ण पैसे आधी देऊन कागदांसाठी त्याच्या मागे फिरणं हा सगळ्यात महाग सौदा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचं शुल्क २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी २०२५ मध्ये ते १०,००० केलं गेलं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. त्यामुळे ज्या गाडीची नोंदणी चालू आहे आणि जिची अनेक वर्षांपूर्वी संपून गेलीय, त्यांच्या किमतीत फरक पडायलाच हवा.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून जास्त झालेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली बसत नाही, म्हणजे डिझेल टाकलेली फियाट इथे बाद. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ज्या गाडीची नोंदणी आधीपासून आहे तिला जुना नंबर ठेवता येतो, आणि मला ही तरतूद फार आवडते. ‘एमएच’ मालिका येण्याआधीच्या ‘एमआर’, ‘बीएम’ अशा अक्षरांची पाटी हा गाडीच्या देखणेपणाचाच एक भाग आहे. काळ्या पाटीवर हाताने रंगवलेला तो नंबर बदलला तर गाडीचं तोंडच बदलतं. मात्र विंटेज नोंदणीची एक अट नीट समजून घ्या. ती गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्याच कामांसाठी ती बाहेर पडू शकते. रविवारी सकाळी मुलांना घेऊन सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं स्वप्न असेल, तर नेहमीच्या नोंदणीतच राहणं बरं. आणि एक हिशोब सोपा आहे: १९७४च्या पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीच्या झाल्या. आता दरवर्षी एकेका वर्षाची पद्मिनी या वर्गाच्या उंबरठ्यावर येत जाणार. त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या, कुणी फेरफार न केलेल्या पद्मिनीकडे मी जास्त लक्ष देऊन बघतो.

एवढं सगळं बघूनही एक गोष्ट उरते, ती म्हणजे ओढ. दुर्मीळ म्हणजे मौल्यवान, असा समज सगळीकडे आहे आणि तो अर्धाच खरा आहे. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे १३.५ कोटी युरोंना विकली गेली, ती जगात फक्त दोन बनल्या म्हणून. पण त्याचबरोबर शर्यतींच्या इतिहासातलं तिचं स्थान सगळ्यांना ठाऊक होतं आणि ती हवी असणारी माणसं होती म्हणूनही. प्रीमियरनेच ऐंशीच्या दशकात निसानच्या इंजिनाची ११८ एनई आणली. ती आज रस्त्यावर पद्मिनीपेक्षाही कमी दिसते. तरी माझ्या पाहण्यात तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आणणारी माणसं फार थोडी. डुक्कर फियाट मात्र सिग्नलला उभी राहिली की शेजारचा रिक्षावाला हसतो. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडताना बघायला पोरं गोळा होतात. ही ओढ पिढीबरोबर सरकत जाते. ज्यांनी लहानपणी मागच्या सीटवर उभं राहून वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला, ते चाळीस-पन्नाशीत आले आणि हातात पैसे आले की तीच गाडी शोधतात. म्हणून आज डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्यावहिल्या मारुती ८०० च्या मागे लोक लागलेत, जिला वीस वर्षांपूर्वी कुणी भंगाराच्या भावातही विचारत नव्हतं.

मग किंमत ठरवायची कशी? जाहिरातीतला आकडा म्हणजे मालकाच्या मनातला आकडा. तीच जाहिरात सहा महिने तशीच दिसत असेल तर त्या भावाला गिऱ्हाईक नाही हे उघड आहे. खरा भाव कळतो तो ज्यांनी नुकतीच घेतली त्यांच्याशी बोलून. मुंबईत विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीला सकाळी लवकर जा, मालक गाड्या पुसत असतात तेव्हा. त्यांच्याइतकं मोकळेपणाने कुणी सांगत नाही. आणि मग वजाबाकी करा. समजा, फक्त हिशोब समजण्यापुरते आकडे घेऊ: एक गाडी दीड लाखाला मिळतेय, पण तिला सिल, फ्लोअर, रंग आणि हरवलेलं सामान धरून चार लाख लागतील. दुसरी साडेतीन लाखाची आहे, पत्रा शाबूत, सामान पूर्ण, फक्त इंजिनाला साठ हजारांचं काम. पहिली साडेपाच लाखांना पडली, दुसरी चार लाख दहा हजारांना. आणि पहिली तयार झाल्यावरही तिच्यात वेल्डिंगची ठिगळं राहणारच. स्वस्त गाडी म्हणून पहिली घेणारे मी दर वर्षी बघतो. खरेदीनंतर विमा काढताना सुद्धा ही मोजणी कामी येते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा रक्कम कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा फोटो आणि बिलं हातात असतील तर तुमचं म्हणणं ऐकलं जातं.

काकांनी शेवटी सोलापूरजवळच्या एका गावातली फियाट घेतली. पत्र्याच्या शेडमध्ये, चारही टायर बसलेली, रंग उडून खडूसारखा झालेला, इंजिन जाम. मॅट उचलली तेव्हा खालून कोरडी माती आणि कारखान्यातला मूळ रंग निघाला. मिस्त्रींचं चुंबक उजव्या पुढच्या मडगार्डवर एका ठिकाणी घसरलं, बाकी सगळीकडे धरलं. गाडी वडिलांच्या नावावर होती. तिन्ही भावंडांच्या सह्या घेऊन वारसाची नोंद झाल्यावरच पैसे द्यायचे असं ठरलं, आणि त्या घरच्यांनीही ते लगेच मान्य केलं. भाव ठरल्यावर काकांनी भीतभीतच विचारलं की व्हीलकॅप होते का हो. घरातल्या आजी काही न बोलता आत गेल्या, नातवाला माळ्यावर चढवलं. वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेलं एक गाठोडं खाली आलं. मिस्त्रींनी ओट्यावर बसून सुतळी सोडली, एकेक व्हीलकॅप रुमालाने पुसून उन्हात ठेवला. चारही होते.